पत्रोत्तरे : व्यायाम आणि कामजीवन

गेल्या अंकात चालण्याविषयी लिहिताना ‘नियमित व्यायामाचा लाभ कामजीवनालाही होतो’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो आणि जागा संपल्यामुळे त्याचा खुलासा राहून गेला. त्या एका वाक्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रांवर नाव नाही; ज्यांवर होते त्यांचे मी गाळले आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. एका पाकिटावर ‘फक्त डॉक्टरांनी उघडावे’ ही ओळ तीन वेळा अधोरेखित केलेली होती. दवाखान्यातही याहून वेगळे घडत नाही. रक्तदाब तपासून होतो, गोळ्या लिहून होतात, रुग्ण फाइल काखेत मारून उठतो, दाराच्या कडीला हात घालतो आणि मग मागे वळून म्हणतो, “साहेब, अजून एक विचारायचं होतं.” तो ‘अजून एक’ प्रश्न बहुधा याच विषयावरचा असतो.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर तीन पाळ्यांत काम करतो. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वजन ८८ किलो आहे. गेल्या वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. पत्नी काही बोलत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. भिंतीवरची जाहिरात पाहून एका ठिकाणाहून सहा हजार रुपयांचे चूर्ण आणले, उपयोग झाला नाही. चालल्याने खरोखर फरक पडतो का, की आमचे वजन उतरावे म्हणून आपण तसे लिहिता?

उत्तर : फरक पडतो. मात्र तो चूर्णाच्या जाहिरातीत म्हणतात तसा आठ दिवसांत पडत नाही. तो का पडतो हे एकदा समजले म्हणजे काही महिने वाट पाहण्याचा धीर येतो, म्हणून आधी ते सांगतो.

ताठरता ही मुख्यतः रक्तपुरवठ्याची क्रिया आहे. उत्तेजना निर्माण झाली की मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंमार्फत लिंगापर्यंत पोहोचतो; तेथे मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पातळ अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो; त्याच्या प्रभावाने धमन्यांचे आणि स्पंजासारख्या ऊतींचे स्नायू सैल पडतात, पोकळ्यांत रक्त भरते आणि भरलेल्या पोकळ्यांच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटून ते तेथेच अडून राहते. रक्ताभिसरणातील या वायूची कामगिरी उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिल, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘निळी गोळी’, अमेरिकेत बाजारात आली. ही गोळी मुळात हृदयशूळासाठी तपासली जात होती. ती वायू निर्माण करत नाही; वायूने सुरू केलेली क्रिया लवकर विझू देत नाही, इतकेच. त्यामुळे अस्तरच आजारी असेल तर गोळीचाही जोर कमी पडतो.

तुमच्या बाबतीत ते अस्तर आजारी असण्याची शक्यता बरीच आहे, कारण वाढलेली साखर आणि पोटावरची चरबी या दोहोंनी त्याची झीज होते आणि मधुमेह मज्जातंतूंनाही सोडत नाही. झपाट्याने चालताना हृदय रक्त जोराने ढकलते, ते रक्त अस्तरावरून घासत जाते, आणि दिवसागणिक होणाऱ्या या घासण्यामुळेच अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागते. व्यायामाचा ताठरतेशी संबंध आहे तो मुख्यतः येथे. ‘ताकद वाढते’, ‘गरमी वाढते’ वगैरे जे बोलले जाते त्यात तथ्य नाही.

गंगापूर धरणाच्या पाटावर ज्यांची शेती आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. गाळ साचू लागला की मुख्य कालवा भरलेलाच दिसतो, पण टोकाच्या शेतातली बारीक चारी आधी कोरडी पडते. लिंगाच्या धमन्यांचा व्यास १ ते २ मिलिमीटर असतो आणि हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४ मिलिमीटर. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार सर्वत्र सारखाच पसरत असला तरी त्याची पहिली तक्रार पुष्कळदा बिछान्यात येते आणि छातीत दुखण्याची तक्रार त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी. म्हणून ४४ वर्षांच्या मधुमेही माणसाने हे सांगितले की मी औषधाच्या आधी इसीजी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) पाहतो. तुम्हीही हे येत्या आठवड्यात करून घ्यावे. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का, हेही डॉक्टरांना सांगा. ती व्यवस्थित येत असेल तर दोष रक्तवाहिन्यांपेक्षा चिंतेचा असण्याची शक्यता वाढते.

आता किती चालायचे? इटलीत लठ्ठपणा आणि ही तक्रार असलेल्या ११० पुरुषांवर दोन वर्षे झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि व्यायाम यांचे काटेकोर मार्गदर्शन मिळाले त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश पुरुषांची तक्रार पूर्ण दूर झाली. नुसता मोघम सल्ला मिळालेल्यांत असे फारच थोडे होते. मात्र त्या पुरुषांना मधुमेह नव्हता, त्यामुळे तोच हिशेब तुम्हाला लावून मी खोटी आशा दाखवणार नाही. पुढे २०१८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि त्यातून निघालेले प्रमाण मात्र सोपे आहे : आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ४० मिनिटे, मध्यम ते जोरकस व्यायाम, आणि तो सहा महिने. ‘मध्यम’ म्हणजे चालताना सोबत्याशी बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी गप्पा मारत रमतगमत फेऱ्या घालणारे अनेक जण मला भेटतात. त्यांची मने मोकळी होत असतील, पण त्यांच्या रक्तवाहिन्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

पाळ्यांची अडचण खरी आहे. रात्रपाळीहून परतल्यावर लगेच चालायला जाऊ नका, आधी झोप पुरी करा, कारण टेस्टोस्टेरॉन बऱ्याच अंशी झोपेतच तयार होते आणि अपुऱ्या झोपेने ते घटते. रात्रपाळीच्या आठवड्यात उठल्यानंतर सायंकाळी, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात घरी येऊन चहा झाल्यावर, असे कागदावर लिहून तो कागद कपाटाला चिकटवा. बूट मोज्यांसह घाला, परतल्यावर तळवे नीट पाहा, आणि साखर उतरवणाऱ्या गोळीचा जोर अधिक असेल तर खिशात दोन साखरेचे खडे ठेवा. वजनकाट्यापेक्षा शिलाईच्या टेपवर लक्ष असू द्या. आपल्याकडील पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत असावा असे मानतात, आणि टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायचा असतो. दवाखान्यात टेप पाहताच शंभरातले नव्वद पुरुष पोट आत घेतात.

पत्रात तंबाखूचा उल्लेख नाही. नसेल तर उत्तमच; पण दुपारी हातावर मळली जात असेल तर चाळीस मिनिटांच्या चालण्याने कमावलेले ती पुन्हा उधळून लावते.

भिंतीवरच्या जाहिरातीविषयी एवढेच सांगतो की लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. अशा चुर्णांत काही वेळा आधुनिक गोळीच कुटून मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण कोणालाच ठाऊक नसते. तपासण्या झाल्यावर तुमच्या डॉक्टरांनी योग्य मात्रेत गोळी दिली तर ती जरूर घ्या. व्यायाम आणि गोळी एकमेकांच्या आड येत नाहीत. आणि पत्नीशी बोला. ती गप्प आहे कारण तुम्ही गप्प आहात, आणि ती स्वतःलाच दोष देत असण्याचा पुष्कळ संभव आहे. शक्य असेल तर चालायला दोघे मिळून जा.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. वय ३८. दिवसभर बागेत राबतो. मला आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा? तरीही हंगामात महिना-महिना इच्छा होत नाही.

उत्तर : भाऊ, कष्ट आणि व्यायाम यांत थोडा फरक आहे. छाटणीच्या दिवसांत माणूस मांडवाखाली हात वर करून तासन्‌तास उभा असतो. खांदे भरून येतात, मान अवघडते, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही. फवारणीला तर ट्रॅक्टरवर बसूनच फिरणे असते. त्यामुळे बांधावरून वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालणे तुम्हालाही लागते. इच्छा न होण्याचे कारण मात्र बहुधा व्यायामाचा अभाव हे नाही. ढगाळ हवेची धास्ती, रात्री उठून पाहिलेले हवामान आणि व्यापाऱ्याच्या फोनची वाट यांत झोप किती होते ते आधी मोजा. माल गेल्यावर महिनाभरानेही तसेच राहिले तर दाखवून घ्या.

प्रश्न : मी इंदिरानगरमध्ये राहते, वय ४९. दीड वर्षापूर्वी पाळी थांबली. तेव्हापासून संबंधांची इच्छा जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि संबंध आले तर आग होते, दुखते. शिंकले किंवा खोकले तरी लघवीचे थेंब जातात, त्यामुळे मैत्रिणींबरोबर झुंबाला जाण्याचीही लाज वाटते. व्यायामाने इच्छा परत येते का? या वयात असे विचारणे शोभत नाही हे जाणते, तरी विचारते.

उत्तर : ताई, शोभते. पाळी थांबल्यानंतरही स्त्रीचे आयुष्य पुढे तीस-तीस वर्षे असते आणि तेवढा काळ एखादे दुखणे अंगावर काढण्याचे काही कारण नाही. तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी एकात एक गुंतल्या आहेत आणि व्यायाम त्या तिन्हींना सारखा लागू पडत नाही, म्हणून त्या सुट्या करू.

आग आणि दुखणे हे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे झाल्यामुळे होते. कितीही चाललात तरी हा कोरडेपणा जाणार नाही. त्यासाठी पाण्याचा अंश असलेले वंगण-जेल औषधांच्या दुकानात मिळते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून योग्य ठरवले तर आतून लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम फार चांगले काम करते. प्रत्येक वेळी दुखणार हे ठाऊक असताना इच्छा कशी होईल? शरीर शहाणे असते. ज्यात वेदना आहे त्यापासून ते दूर राहते. म्हणून आधी वेदना घालवायला हवी. पाळी थांबल्यानंतर कधीही रक्तस्राव दिसला तर मात्र एक दिवसही न थांबता तपासून घ्या.

लघवीचे थेंब जाणे ही मात्र व्यायामानेच सुधारणारी तक्रार आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांचा भार तिच्यावर असतो. बाळंतपणांनी आणि वयाने ती सैल पडते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या योगाभ्यासातील मूलबंध त्याच्याशी पुष्कळ जुळतो. पद्धत अशी : चारचौघांत वायू अडवून धरावा लागला तर जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळून वर ओढायचे, पाचपर्यंत आकडे मोजायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा; पुढे पाचाचे दहापर्यंत न्यायचे. पोट, मांड्या आणि नितंब स्वस्थ राहिले पाहिजेत व श्वास रोखायचा नाही. पोटावर तळहात ठेवला आणि तो हलला, तर भलतेच स्नायू आवळले जात आहेत असे समजावे. लघवी करताना धार अडवून हा सराव रोज करू नये, त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. तीन महिने नेटाने केल्यावर बहुतेक स्त्रियांना फरक जाणवतो, आणि हेच स्नायू संभोगसुखाच्या परमोच्च क्षणी आकुंचन पावत असल्याने त्या सुखाची जाणीवही वाढू शकते. ज्यांना दुखण्यामुळे हे स्नायू आधीच आवळलेले ठेवण्याची सवय लागली आहे त्यांनी मात्र आधी सैल सोडायला शिकावे, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून पडताळून घेणे बरे.

पुरुष वाचकांनी हा परिच्छेद वगळला असेल तर परत वाचावा. ब्रिटनमध्ये ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांना हाच व्यायाम शिकवला गेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत त्यांतील ४० टक्के पुरुष पूर्ववत झाले.

राहिली इच्छा. स्त्रीच्या उत्तेजनेतही जननेंद्रियांकडे रक्त वाढणे हा पहिला भाग असतो, आणि अंगातून घाम निघेपर्यंत व्यायाम केल्यानंतर काही वेळ हा प्रतिसाद सुधारतो असे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. नैराश्यावरील गोळ्यांमुळे कामेच्छा मंदावलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून तीन वेळा अर्ध्या तासाचा व्यायाम दिला होता, आणि तो संबंधाच्या थोडा आधी केला तेव्हा अधिक लाभ झाला. एखाद्या वाचक भगिनीला अशा गोळ्या चालू असतील तर त्यांनी गोळी स्वतः बंद न करता हे जरूर करून पाहावे. याखेरीज व्यायामाने झोप सुधारते, मन हलके होते, आणि आरशासमोर उभे राहताना जे अवघडलेपण येते ते कमी होते. स्त्रीच्या इच्छेत या शेवटच्या गोष्टीचा वाटा पुरुषांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

झुंबाला खुशाल जा. पहिले तीन महिने उड्यांचे प्रकार टाळा आणि पातळ पॅड वापरा. तेथे येणाऱ्या निम्म्या जणींची हीच कथा असेल. एक गोष्ट माझ्याकडून. सकाळी साडेसहाला डबा, सात वाजता पाणी आणि साडेसातला सासूबाईंचा चहा असेल तर स्त्रीचा व्यायाम हा तिच्या निश्चयाचा प्रश्न राहत नाही, तो घराच्या वेळापत्रकाचा होतो. आठवड्यातले चार दिवस चहा यजमानांनी टाकावा.

प्रश्न : वय २३, सिडकोत राहतो. पाच महिन्यांनी लग्न आहे. शरीर लवकर भरावे म्हणून जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून दहा आठवडे इंजेक्शने घेतली. दंड वाढले, पण आता इच्छा होत नाही आणि अंडकोश लहान झाल्यासारखे वाटतात. तो माणूस म्हणतो की हे हस्तमैथुनामुळे झाले.

उत्तर : त्या माणसाने स्वतःची चूक तुमच्या माथी मारली आहे. तुम्ही जे घेतलेत ते बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचे स्टेरॉइड असावे. बाहेरून हे संप्रेरक भरपूर आले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडकोशांना काम करण्याचा आदेश देणे थांबवते. अंडकोश काम थांबवतात, आकाराने लहान होतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी पार थांबतेही. इंजेक्शन थांबले की बाहेरचे संप्रेरक संपते आणि आतले अजून सुरू झालेले नसते. त्या पोकळीत इच्छा जाते, मरगळ येते आणि मन खिन्न होते. दिलासा असा की बहुतेक तरुणांत ही यंत्रणा पुन्हा सुरू होते. पण एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे पूर्ववत होण्यास कित्येक महिने आणि काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. इंजेक्शन पुन्हा घेऊ नका, जिममधलाच ‘उतारा’ही घेऊ नका, आणि संप्रेरकतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ यांच्याकडे जाऊन टेस्टोस्टेरॉन, एलएच व एफएसएच (पीयूषिकेचा आदेश नेणारी संप्रेरके) आणि वीर्यतपासणी करून घ्या. डॉक्टरांपासून इंजेक्शनची गोष्ट लपवू नका. ती लपवली तर अहवालाचा अर्थच लागत नाही. लग्न पुढे ढकलायचे की नाही हे अहवालावर ठरवा, आणि जिच्याशी लग्न होणार आहे तिला सांगण्याचे धैर्य आतापासून गोळा करा.

हस्तमैथुनाने स्नायू झिजत नाहीत, टेस्टोस्टेरॉन खालावत नाही आणि लग्नानंतरच्या संबंधांना बाध येत नाही. तालमीत लंगोटाचे व्रत पाळणाऱ्या पैलवानांचा दाखला यावर नेहमी दिला जातो. ते व्रत शिस्तीचे होते, आणि शिस्त म्हणून त्याचा मान राखावा. पहाटे चारला उठून हजार बैठका मारणाऱ्याची ताकद बैठकांतून आणि दूध-बदामांतून येत होती. वजने उचलण्याचा व्यायाम चालू ठेवा. त्याने टेस्टोस्टेरॉन काही मिनिटांपुरतेच चढते, पण वाढलेला स्नायू साखर चांगली वापरतो आणि तोच खरा फायदा आहे.

प्रश्न : वय ४१, गंगापूर रोड. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून सायकलचे वेड लागले. रविवारी शंभर किलोमीटर होतात. अलीकडे राइडनंतर जननेंद्रियाचा भाग तासभर बधिर राहतो. सायकलने पुरुषत्वावर परिणाम होतो म्हणतात, ते खरे का?

उत्तर : सायकलने नाही, सीटच्या टोकाने होऊ शकतो. खुर्चीवर आपण बसण्याच्या हाडांवर बसतो; पुढे झुकून अरुंद सीटवर बसले की भार त्या हाडांवरून घसरून दोन्ही मांड्यांच्या मधल्या मऊ भागावर येतो, आणि लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या व मज्जातंतू नेमके तेथूनच जातात. बधिरपणा ही त्यांची ओरड आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने बिनटोकाची सीट वापरायला दिली, तेव्हा बधिरपणाची तक्रार पुष्कळच घटली. सीट रुंद घ्या, टोक किंचित खाली झुकवा, सीट फार उंच आणि हँडल फार खाली ठेवू नका, आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहून अर्धा मिनिट चालवा. तोवर दोन आठवडे लांबच्या राइड बंद. त्यानंतरही बधिरपणा राहिला किंवा ताठरता कमी झाली तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा.

अंतराचेही एक सांगायला हवे. व्यायामाचा लाभ वाढत वाढत एका मर्यादेनंतर उलटतो. फार मोठी अंतरे, अपुरे खाणे आणि अपुरी विश्रांती यांनी पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटते आणि धावपटू मुलींची पाळी बंद पडते. तरुण मुलीची पाळी सरावामुळे थांबली तर प्रशिक्षक आणि पालक यांनी ते कौतुकाने घेऊ नये.

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. यजमानांचे वय ६१. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला व अँजिओप्लास्टी झाली. आता ते रोज चालतात, बरे आहेत, पण जवळ येण्यास घाबरतात आणि खरे सांगायचे तर मीही घाबरते. डॉक्टरांना विचारायचे राहून गेले.

उत्तर : हा प्रश्न डॉक्टरांनी आपण होऊन काढायला हवा होता. आमच्या व्यवसायाची ही चूक आहे आणि मीही ती केलेली आहे.

समागमाला लागणारे श्रम लोकांना वाटतात तितके नसतात. कॅनडातील माँट्रियल येथे २०१३ साली निरोगी तरुण जोडप्यांच्या दंडाला यंत्र बांधून हे मोजले गेले. सरासरी चोवीस मिनिटांत पुरुषांचे सुमारे १०० आणि स्त्रियांचे सुमारे ७० कॅलरी खर्च झाले, आणि त्याच जोडप्यांनी ट्रेडमिलवर अर्धा तास धावण्यात त्याहून पुष्कळ अधिक खर्च केले. (‘आमचा तोच व्यायाम’ असे हसत सांगणारे एक रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठी हा आकडा.) तुमच्या वयाच्या, एकमेकांची सवय असलेल्या जोडप्याला साधारण दोन मजले जिना बऱ्यापैकी वेगाने चढण्याइतके श्रम होतात. यजमान तेवढा जिना छातीत न दुखता आणि फार धाप न लागता चढत असतील, आणि त्यांची प्रकृती स्थिर असल्याचे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले असेल, तर भीतीचे कारण उरत नाही. खात्री हवी असेल तर ट्रेडमिलची चाचणी करून घ्यावी. पांडवलेणीच्या दोनशे पायऱ्या चढून स्वतःच परीक्षा घेऊ नये. तेथे काही झाले तर मदत पायथ्याशी असते.

ते रोज चालतात याचा येथे थेट उपयोग आहे. संबंधाच्या वेळी झटका येण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत ती आणखी घटते, कारण सरावलेल्या हृदयाला तेच काम कमी ठोक्यांत जमते. सुरुवात जवळ बसण्यापासून, हात हातात घेण्यापासून करा. जेवणानंतर लगेच नको, दोन-तीन तास जाऊ द्या. रात्री थकवा असेल तर सकाळची वेळ बरी.

एका बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. हृदयरुग्णांना नायट्रेट जातीची औषधे दिलेली असतात, विशेषतः छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी. या औषधांबरोबर सिल्डेनाफिल (‘निळी गोळी’) किंवा त्याच जातीचे टॅडालाफिल पोटात गेले तर रक्तदाब एकाएकी इतका कोसळतो की प्राणावर बेतते. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट चालत नाही. यजमानांनी मित्राकडून किंवा दुकानातून अशी गोळी परस्पर आणलेली असू शकते. रागावू नका, पण विचारा. आणि संबंधाच्या वेळी किंवा नंतर छातीत दुखू लागले तर लगेच थांबून त्यांना बसते करा, रुग्णवाहिका बोलवा, आणि दवाखान्यात पोहोचताच गोळीचे नाव व घेतल्याची वेळ डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. आजूबाजूला मुले, सुना, जावई उभे असतील. तोंडाने सांगणे जमणार नाही असे वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून ती नर्सच्या हातात द्या.